आयरिश पूर्वजाची पॅरिश सापडत नाही? या चुका टाळा

अमेरिकेत स्थलांतरित झालेल्या आयरिश पूर्वजाचा शोध बहुतेक वेळा आयर्लंडमध्ये नाही, अमेरिकेतच फसतो. ‘पॅट्रिक मर्फी, जन्म अंदाजे १८३०, आयर्लंड’ एवढ्यावर तिकडच्या नोंदी उघडल्या की पॅट्रिक मर्फींची रांग लागते. मग त्यातला वयाला जुळणारा एक उचलायचा आणि वंशवृक्षात बसवायचा. तिथून पुढची सगळी मेहनत परक्या घराण्यावर खर्च होते.

जागेचं नाव हाती नसताना समुद्र ओलांडणं

पॅरिश (गावांच्या लहान गटाचा विभाग) किंवा निदान काउंटी (जिल्ह्यासारखा मोठा विभाग) कळेपर्यंत अमेरिकेतले कागद सोडू नका. जनगणनेत नुसतं ‘आयर्लंड’ असतं. १८९०च्या दशकाआधीच्या प्रवासी याद्याही सहसा तेवढंच सांगतात. सप्टेंबर १९०६ पूर्वीच्या नागरिकत्वाच्या कागदांतही बहुधा देशापलीकडे काही मिळत नाही. नेमकी जागा सापडते ती थडग्यावरच्या लेखात, मृत्यूनंतर वर्तमानपत्रात आलेल्या मजकुरात आणि कॅथलिक चर्चच्या विवाह नोंदीत. न्यूयॉर्कची एमिग्रंट इंडस्ट्रियल सेव्हिंग्ज बँक १८५० मध्ये सुरू झाली. खात्यावर हक्क सांगणारा माणूस खराच खातेदार आहे ना हे पडताळता यावं म्हणून बँक त्याचं जन्मस्थान, आईवडील, भावंडं, जहाज असे तपशील लिहून ठेवी. ‘बॉस्टन पायलट’ या वर्तमानपत्रात १८३१ पासून हरवलेल्या नातलगांच्या जाहिराती येत, त्यातही बऱ्याचदा पॅरिश दिलेली असते.

फक्त स्वतःच्या पूर्वजामागे धावू नका. त्याच्या थडग्यावर काही नसेल, पण मागाहून वारलेल्या बहिणीच्या थडग्यावर गाव कोरलेलं असू शकतं. लग्नाचे साक्षीदार आणि मुलांचे धर्ममाता-धर्मपिता पुष्कळदा त्याच मुलखातले असत. त्यांचाही माग काढा.

बंदराला गाव समजणं ही याचीच धाकटी बहीण. क्वीन्सटाउन, म्हणजे आजचं कोव्ह, हे जहाजात चढण्याचं ठिकाण होतं. असंख्य लोक तर लिव्हरपूलहून निघाले.

नावाला आणि वयाला घट्ट धरून बसणं

‘एलिस आयलंडवर (न्यूयॉर्क बंदरातल्या स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रावर) नाव बदललं’ ही कथा बाजूला ठेवा. प्रवाशांची यादी जहाज कंपनी निघण्याच्या बंदरातच तयार करी, आणि एलिस आयलंड उघडलं १८९२ मध्ये. १८४० च्या दशकातल्या आयरिश दुष्काळात निघालेले लोक त्याच्या चार दशकं आधीच पोचले होते. नावं तशीही सैल असत. आडनावाआधीचे ‘ओ’ आणि ‘मॅक’ गळतात, परत येतात. ब्रिजेट हीच बिडी किंवा डिलिया, होनोरा हीच नोरा. बाप्तिस्म्याच्या वहीत लॅटिन भेटेल: जेम्सचा याकोबुस, विल्यमचा गुलिएल्मुस. वयात दोन्ही बाजूंनी पाच-सहा वर्षांची सूट ठेवा. १९०९ पासून सत्तरीनंतर पेन्शन मिळू लागली, आणि १९०१ ते १९११ या दोन जनगणनांमधल्या दहा वर्षांत काही आयरिश माणसं पंधरा वर्षांनी म्हातारी झाली!

दोन प्रकारच्या पॅरिशमध्ये घोळ

सर्वांत जास्त वेळ इथे वाया जातो. सिव्हिल पॅरिश ही जमीन आणि करांसाठीची विभागणी. कॅथलिक पॅरिश वेगळी, ती चर्चची विभागणी. दोघांच्या हद्दी जुळतीलच असं नाही, नावंही वेगळी असतात. ग्रिफिथच्या मूल्यांकनात, म्हणजे १८४७ ते १८६४ मधल्या जमीन-घरांच्या मोजदादीत, सिव्हिल पॅरिश मिळते. तिथून थेट बाप्तिस्म्याच्या वहीकडे उडी मारली की हात रिकामे.

क्रम असा ठेवा. आधी टाउनलँड, म्हणजे सर्वांत लहान वस्ती-विभाग, पक्का करा. एकाच नावाचे टाउनलँड अनेक काउंटींत असतात, म्हणून काउंटीही ताडून पाहा. मग सिव्हिल पॅरिश, आणि नकाशावरून ती जागा कोणत्या कॅथलिक पॅरिशमध्ये पडते ते ठरवा. शेवटी आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर त्या पॅरिशच्या वहीची छायाचित्रं उघडा. ती फुकट आहेत आणि साधारण १८८० पर्यंतची आहेत. मात्र तिथे नावाने शोध होत नाही. त्यासाठी अँसेस्ट्री किंवा फाइंडमायपास्ट या वंशावळीच्या संकेतस्थळांची सूची वापरा आणि मूळ पान स्वतः वाचा.

पान उलटण्याआधी वही कधी सुरू होते ते बघा. पश्चिमेकडच्या कित्येक पॅरिशच्या वह्या उशिरा सुरू होतात. वही १८४० ची आणि पूर्वज १८३० चा असेल तर त्याचा बाप्तिस्मा तिथे सापडणारच नाही. अशा वेळी धाकट्या भावंडांचे बाप्तिस्मे आणि आईवडिलांची जोडी शोधा. लग्न बहुधा वधूच्या पॅरिशमध्ये लागे, त्यामुळे लग्नाच्या नोंदीवरून वराचं गाव ठरवू नका.

‘१९२२ मध्ये सगळं जळालं’ म्हणून थांबणं

डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या आवारातल्या सरकारी दप्तरखान्याला लागलेल्या आगीत १८२१ ते १८५१ च्या जनगणना बहुतांशी गेल्या, अँग्लिकन चर्चच्या निम्म्याहून अधिक वह्याही गेल्या. पण कॅथलिक वह्या पॅरिशमध्येच होत्या, त्या वाचल्या. १८६४ पासूनची जन्म-मृत्यू-विवाह नोंदणीही शाबूत आहे. सरकारी आयरिशजीनिऑलॉजी संकेतस्थळावर जुन्या नोंदींच्या प्रती मोफत दिसतात. तिथे जन्मतारीख बाप्तिस्म्यानंतरची दिसली तर गोंधळू नका. ठराविक मुदतीत नोंद केली नाही तर दंड बसे, म्हणून काही पालक तारीख पुढे सरकवत.

जुळणारा बाप्तिस्मा सापडला तरी लगेच स्वीकारू नका. त्या मुलाचं त्याच पॅरिशमध्ये पुढे लग्न झालेलं, त्याच्या मुलांचे बाप्तिस्मे किंवा १९०१ च्या जनगणनेत तोच माणूस दिसतो का ते पाहा. दिसला, तर तो कधी गेलाच नाही आणि तुमचा पूर्वज दुसरा आहे. दोन उमेदवार उरले तर दोघांनाही कच्च्या यादीत ठेवा आणि अमेरिकेतल्या भावंडांची नावं दोन्ही कुटुंबांशी ताडून पाहा.