रुग्णालय चालवता चालवता शिकवायचं कसं, आणि त्यावर पेपर कसा लिहायचा

चौदा वर्षं मी वैद्यकीय संचालक आहे. त्यातली शेवटची आठ शिकवण्यात आणि वैद्यकीय शिक्षणाच्या संशोधनातही गेली. प्रशासनातले सहकारी भेटले की एकच विचारतात, 'वेळ कुठून काढता?' वेळ निघतो. बुधवारी सकाळी साडेसात ते नऊ मी कुणाला भेटत नाही. कॅलेंडरवर 'समिती' एवढंच लिहिलेलं असतं, आणि समिती म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही. खरी अडचण दुसरीच आहे, तिच्यावर येतेच.

विषय शोधायला ग्रंथालयात जाऊ नका. तक्रारींची फाईल उघडा. मी सहा महिन्यांची काढली, तर एकच गोष्ट फिरून फिरून येत होती: ड्युटी बदलताना सांगायचं राहिलं. रक्ताचा रिपोर्ट यायचा होता, कुणी बोललं नाही. औषध थांबवलं होतं, रात्रीच्या डॉक्टरला पत्ताच नाही. पूर्णवेळ शिक्षकाला असा प्रश्न हुडकावा लागतो. आपल्याकडे तो सहीसाठी येऊन पडतो.

मग मी काय केलं? चौसष्ट स्लाइड्सचं व्याख्यान दिलं, शेवटी लेखी परीक्षा घेतली, सगळे पास झाले. वॉर्डातला हँडओव्हर, म्हणजे ड्युटी बदलताना रुग्णांची माहिती सोपवणं, होता तसाच राहिला. वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९० साली मांडलेला पिरॅमिड मी तेव्हा वाचला असता तर बरं झालं असतं. त्याच्या चार पायऱ्या: माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवता येतं, आणि रोजच्या कामात प्रत्यक्ष केलं जातं. माझी परीक्षा तळाच्या पायरीवर बसली होती आणि मी अपेक्षा शिखराची करत होते.

तेव्हा आधी ठरवा की वॉर्डात नेमकं काय बदललेलं दिसायला हवं. मग ते तपासायचं कसं ते ठरवा. धडा सर्वांत शेवटी लिहा. 'करून दाखव' तपासायला ओएससीई (ऑब्जेक्टिव्ह स्ट्रक्चर्ड क्लिनिकल एक्झामिनेशन) ही प्रात्यक्षिक परीक्षा उत्तम. रोनाल्ड हार्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९७५ साली मांडली: वेगवेगळी स्टेशनं, प्रत्येकावर एक काम, ठरलेली मिनिटं, परीक्षकाच्या हातात काय काय केलं ते तपासायची यादी. फार पसारा नको. मी तीन स्टेशनांवर सुरू केलं, प्रत्येकी सात मिनिटं. पाहुणा वक्ता म्हणून येणारी आमंत्रणं मात्र नाकारा. त्यापेक्षा एकाच तुकडीबरोबर वर्षभर, दर आठवड्याला वीस मिनिटं मागून घ्या; तेच विद्यार्थी पुन्हा भेटले की आपलं काय चुकलं ते दिसतं.

प्रशिक्षणाच्या मोजमापासाठी डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांच्या १९५९ पासूनच्या चार पातळ्या अजून उपयोगी पडतात: आवडलं का, शिकले का, वागणं बदललं का, परिणाम झाला का. बहुतेक जण फीडबॅक फॉर्मवर, म्हणजे पहिल्या पातळीवरच थांबतात. शेवटच्या दोन पातळ्यांची आकडेवारी प्रशासकाच्या हाताशी असते, हे आपलं भांडवल. पण जपून. आमच्या तक्रारी कमी झाल्या त्याच महिन्यात मी रात्रपाळीला दोन डॉक्टर वाढवले होते. श्रेय प्रशिक्षणाला द्यायचं की त्या दोघांना? तुलनेसाठी दुसरा वॉर्ड आधीच धरून ठेवला नाही, तर याचं उत्तर तुमच्याजवळ नसतं.

आता ती अडचण. निवासी डॉक्टरांना मी माझ्या नावाने सर्वेक्षण पाठवलं, वर 'ऐच्छिक' असं ठळक लिहिलं. एका दिवसात एकेचाळीसपैकी एकेचाळीस उत्तरं आली, सगळी गोड. मी खूश. एक जुन्या सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही पाठवल्यावर नाही कोण म्हणणार?" वर आणखी घोळ असा की आपल्याच रुग्णालयातली सुधारणा, मग एथिक्स कमिटी कशाला, म्हणून मी तिकडे गेलेच नव्हते. नियतकालिकाने मंजुरीचा क्रमांक मागितला. माहिती गोळा करून झाल्यावर मंजुरी मागायला गेलं तर कमिट्या सहसा हात वर करतात. पेपर तिथेच मेला.

तेव्हापासून पहिला फॉर्म वाटण्याआधी कमिटीला पत्र जातं. अभ्यासाला मंजुरी लागत नसेल तर तेही त्यांच्याकडून लेखी घ्या. तो निर्णय आपला नाही. निमंत्रण अशा माणसाकडून जातं ज्याच्या हातात कुणाचं मूल्यमापन नाही. नावं मला कधीच कळत नाहीत, आणि मूल्यमापनाचा हंगाम उलटेपर्यंत मी उत्तरंही बघत नाही.

निवासी डॉक्टरांच्या मुलाखती बाहेरच्या माणसाने घ्याव्यात. मी शिक्षणशास्त्रातली एक संशोधक जोडीला घेतली. माझी समजूत होती की मुलं विसरतात, म्हणून मी त्यांच्यासाठी चेकलिस्ट छापली होती. तिने ऐकून आणलं ते निराळंच. शंका होती तेव्हा वरिष्ठांना फोन करायची भीती वाटायची, कारण 'एवढंही कळत नाही का?' हे ऐकावं लागायचं. चेकलिस्टमध्ये भीतीसाठी रकाना नसतो. पुढचं प्रशिक्षण मी वरिष्ठांसाठी ठेवलं: मध्यरात्रीचा फोन घ्यायचा कसा. त्यावरचा पेपर छापून आला.

लेखक म्हणून नाव कुणाचं, हे काम सुरू होतानाच कागदावर उतरवा. आयसीएमजेई या वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या चारही अटी पूर्ण व्हाव्या लागतात: आखणीत किंवा माहितीच्या कामात भरीव वाटा, लेखन किंवा त्याची चिकित्सक दुरुस्ती, अंतिम मसुद्याला संमती, आणि कामाची जबाबदारी. खोली आणि पैसा मिळवून देणं त्यात बसत नाही. एका पेपरात मी तेवढंच केलं होतं. मुलांनी आदराने माझं नाव शेवटी घातलं होतं. मी ते खोडून आभारांत टाकायला लावलं, आणि त्यासाठी दोनदा सांगावं लागलं.