डँडेलायन खायचंय? मग या चुका टाळा

पावसाळा सरला की माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. "ताई, डँडेलायन सापडलं, खाऊ का?" फोटोत कधी कंबरमोडी असते, कधी पाथरी, एकदा तर नुसती रुईची म्हातारी होती. डँडेलायन हे थंड हवेचं, पिवळ्या फुलाचं छोटं झाड. काश्मिरात त्याच्या पाल्याला हंद म्हणतात, बाळंतिणीला रांधून घालतात. वेताळ टेकडी आणि तळजाई मी वीस वर्षं पायाखाली घालतेय, मला ते एकदाही दिसलेलं नाही. पुण्यात हवं असेल तर बी आणून कुंडीत लावा.

गेल्या वर्षी सोसायटीतली एक मुलगी व्हिडिओ बघून मुठेच्या पात्रातून पिशवीभर पाला घेऊन आली. जमिनीलगत गोल पसरलेली, कातरलेली पानं. मी एक पान चोळलं तर बोटांना लव लागली. देठ मोडलं, चीक नाही. ते कोवळं गाजरगवत होतं. फुलायच्या आधी ते असंच चक्रासारखं पसरतं. शिजवलं नव्हतं हे नशीब, पण उघड्या हातांनी उपटलेलं. दुसऱ्या दिवशी मनगटापासून कोपरापर्यंत लाल चट्टे, डॉक्टरकडे धावपळ. भारतात हे गवत पहिल्यांदा नजरेस आलं ते १९५५ साली, आपल्याच पुण्यात. ते इथल्या मुलांना ओळखता येऊ नये, याचं मला खरंच वाईट वाटतं.

डँडेलायनचं पान जवळपास गुळगुळीत, त्याचे दात देठाकडे वळलेले. फुलाचा दांडा पोकळ, त्यावर एकही पान नाही, एका दांड्याला एकच पिवळं फूल, आणि मोडला की पांढरा चीक. सगळं जुळलं तरच पुढे जा. नुसत्या चिकावर विसंबू नका, चीक नायटी नावाच्या तणालाही असतो. पाथरीलाही असतो, पण तिच्या दांड्याला फांद्या फुटतात. पाथरी निघाली तर उलट आनंद माना: कच्चीच, कांदा, कूट, मीठ आणि ज्वारीची भाकरी.

नदीकाठचा, सांडपाण्याजवळचा कुठलाच पाला आणू नका.

फूल आल्यावर पानं खुडू नका, फार कडू होतात. कोवळी पानंही मेथीसारखी थेट फोडणीत टाकायची नसतात. मी अंबाडीसारखं करते: मिठाच्या पाण्यात दोन मिनिटं उकळून, पिळून, मग भरपूर लसूण आणि भिजवलेली मूगडाळ.

डँडेलायनच्या भाजलेल्या मुळांची कॉफीही करतात, ती मात्र घाईनेच बिघडते. ओली मुळं मोठ्या आचेवर टाकतात; बाहेरून कोळसा, आतून कच्ची, आणि मग म्हणतात चव नाही. मी मुळं ब्रशने घासून धुते, शेंगदाण्याएवढे तुकडे करते, पंख्याखाली तीन-चार दिवस वाळवते. तुकडा कट्कन मोडला पाहिजे. वाकला तर अजून थांबायचं. मग बिडाच्या कढईत मंद आचेवर अर्धा तास, हात न थांबवता. आधी मातीचा वास येतो, मग भाजल्या रताळ्याचा. रंग चॉकलेटी व्हायला लागला की लगेच ताटात ओतते, कारण तापलेल्या कढईत ती भाजतच राहतात. कपाला चमचाभर पूड, दहा मिनिटं उकळायची. फिल्टर कॉफीतली चिकोरी याच कुळातली, त्यामुळे चव ओळखीची लागते. कॅफिन मात्र नाही. मायक्रोवेव्हमध्ये पाच मिनिटांत होईल का, असं मला विचारू नका.

रात्री झोपताना पाल्याचा काढा नको, लघवीला उठावं लागतं. फ्रेंचांनी डँडेलायनला दिलेल्या नावातच अंथरूण ओलं होण्याचा उल्लेख आहे.

औषध म्हणून रोज घेणार असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. पित्ताशयात खडे असतील, लघवीची किंवा लिथियमची गोळी चालू असेल तर हे टाळा. वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी पाला मनाने सुरू करू नये, त्यात के जीवनसत्त्व भरपूर असतं. शेवंती, सूर्यफूल, गाजरगवत यांची अ‍ॅलर्जी असलेल्यांनीही लांब राहावं, कूळ एकच आहे. त्या मुलीला मी अजून पानाचा तुकडाही चाखू दिलेला नाही.

बी नोव्हेंबरात टाका, खोल कुंडीत. वरून माती लोटू नका, त्याला रुजायला उजेड लागतो.