ग्रीसमधे उत्खनन करायचंय? आधी नोंदी ठेवायला शिका

ज्यांना ग्रीसमधलं एखादं प्राचीन देवस्थान खणायचंय त्यांनी पहिल्यांदा नेमियाबद्दल वाचाच. दक्षिण ग्रीसच्या पेलोपोनीज भागातलं हे झ्यूस देवाचं ठाणं, इथे दर दोन वर्षांनी खेळांच्या स्पर्धा व्हायच्या, आणि अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञ स्टीफन मिलर यांनी १९७०च्या दशकापासून वर्षानुवर्षं तिथे काम केलं. स्टेडियममधे प्रेक्षकांच्या हातून पडलेली नाणी सापडली, आता नाणी तर सगळीकडेच सापडतात पण इथे कुठलं नाणं नेमकं कुठे पडलं होतं ते लिहून ठेवलं गेलं, आणि प्रत्येक शहराचं नाणं वेगळं, म्हणून कळलं की आर्गोस शहरवाले एका बाजूला बसायचे नि सिकिऑन शहरवाले दुसऱ्या. तीच नाणी नुसती पिशवीत भरली असती तर हे कायमचं गेलं असतं!

म्हणून थर, मातीचा रंग, खोली, फोटो सगळं जागेवरच लिहायचं, संध्याकाळी आठवून नाही. ही सवय इथेच लागू शकते, पुण्यात डेक्कन कॉलेजला एमए करा, खड्ड्यात उतरा, खापरं धुवा.

भाषांचं काम मोठं आहे. प्राचीन ग्रीक आणि लॅटिन हवंच, शिवाय जर्मन नि फ्रेंच वाचता यायला हवं कारण ग्रीसमधलीच दुसरी मोठी देवस्थानं, ऑलिंपिया १८७५ पासून जर्मनांनी खणलं, डेल्फी १८९२ पासून फ्रेंचांनी, आणि मूळ रिपोर्ट त्याच भाषांत आहेत. आजची ग्रीक बोलायलाही शिका, गावातल्या अनुभवी कामगाराच्या कुदळीला माती बदललेली आधी कळते आणि तो ते ग्रीकमधेच सांगणार.

परदेशी टीमला परवानगी ग्रीसचं सांस्कृतिक मंत्रालय देतं, तीही अथेन्समधल्या आपापल्या देशाच्या संस्थेमार्फत, अमेरिकनांची तर १८८१ पासून आहे. भारताची तिथे अशी संस्था नाही, त्यामुळे आपल्याकडच्या मुलांना बाहेरच्या विद्यापीठात पीएचडी घेऊन त्यांच्या टीममधे शिरणं हा सरळ रस्ता. वस्तू घरी आणता येत नाहीत, त्या ग्रीसच्याच.

खणणं उन्हाळ्यातले काही आठवडेच, खरं करिअर घडतं ते गोदामात, खापरं जुळवत, चित्रं काढत, लिहीत. नेमियाच्या नाण्यांवरचा ग्रंथ २००५ साली आला, बघा किती वेळ लागतो! म्हणून गाइड निवडताना थेट विचारा की मला कुठल्या खणलेल्या मालावर लिहायला मिळेल, आणि उत्तर गोलमोल आलं तर दुसरा गाइड बघा.