यूकेत बसून काउंटर-स्ट्राइक या टीमने खेळायच्या शूटिंग व्हिडिओ गेमच्या मॅचवर पैसे लावायचेत? मग हे आधी बघा

पहिलं म्हणजे हे भारतातल्या मंडळींसाठी नाहीये, तिकडे २०२५ च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन गेम बंदच केलेत, त्यामुळे व्हीपीएन वगैरे जुगाड सांगत बसणार नाही. यूकेत वय १८ पूर्ण पाहिजे आणि साइटकडे गॅम्बलिंग कमिशनचं लायसन्स पाहिजे, ते कमिशनच्या रजिस्टरवर जाऊन स्वतः चेक करा, नुसता लोगो कोणीपण चिकटवतं. पैशांऐवजी स्किन (गेममधल्या बंदुकांची विकता येणारी डिझाइन्स) लावायच्या साइट्सच्या तर वाटेलाच जाऊ नका.

अकाउंट उघडलं की आधी डिपॉझिट लिमिट टाका, मग मॅच बघा. क्रेडिट कार्ड २०२० पासून चालतच नाही, चांगलंय, उधारीवर कसला जुगार! सिनेमाला घालवतो तेवढेच पैसे ठेवा, गेले तर गेले.

आता ऑड्स, म्हणजे बेट जिंकली तर लावलेल्या पैशांच्या किती पट परत मिळतात तो आकडा. एका टीमला १.८० आणि दुसरीला २.०० असेल तर १ ला त्या आकड्याने भागून बघा, ५५.६ आणि ५० टक्के, बेरीज १०५ च्या वर, १०० च्या वरचा हा भाग बुकीचा, म्हणजे लॉन्ग रनमध्ये तोच जिंकणार हे धरूनच चाला. एकाच मॅपच्या (म्हणजे गेममधल्या एकाच मैदानावरच्या) मॅचमध्ये कच्ची टीमपण धक्का देते, बेस्ट ऑफ थ्री, म्हणजे तीनपैकी दोन मॅप जिंकायचे, ती त्यामानाने बरी. छोट्या ऑनलाइन मॅचेस तर मी सोडूनच देतो, तिथे फिक्सिंगची भीती, २०१४ मध्ये आयबायपॉवर ही अमेरिकन टीम मुद्दाम मॅच हरली होती आणि गेम बनवणाऱ्या वॉल्व्ह कंपनीने खेळाडूंना बॅन केलं.

हरलेले पैसे परत मिळवायला लगेच दुसरी बेट लावावीशी वाटली की लॅपटॉप बंद. तरी हात थांबत नसेल तर गॅमस्टॉप या स्वतःला जुगारापासून लांब ठेवायच्या सेवेत नाव टाका, फुकट आहे, ६ महिने, १ वर्ष किंवा ५ वर्षं यूकेतल्या सगळ्या लायसन्सवाल्या साइट्स तुम्हाला बंद.