ऑटोइम्यून हिपॅटायटिस: गोळ्या लागू पडत नाहीत? आधी या चुका टाळा

ऑटोइम्यून हिपॅटायटिस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटते तो आजार. त्यात ताईचा एसजीपीटी (यकृताला इजा झाल्याचं दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा) खाली येईना, तेव्हा घरात एकच सूर होता: औषध बदला. परळच्या ओपीडीत डॉक्टरांनी आधी विचारलं, "रोज नेमक्या किती गोळ्या घेता?" चेहरा सुजतो म्हणून ताई दोन महिने प्रेडनिसोलोन (स्टिरॉइडची गोळी) अर्धीच घेत होती. आम्हाला कुणालाच पत्ता नव्हता. औषध हरलं म्हणण्याआधी ते पोटात जातंय का ते बघा. रागावू नका, शेजारी बसून विचारा. आणि स्टिरॉइड एकदम बंद तर कधीच करू नका, ते जिवावर बेतू शकतं.

दुसरी चूक काढ्यांची. 2020 च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी, प्रतिकारशक्ती वाढवायला गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले. प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटलेली असताना ती आणखी वाढवायची कशाला? घरात जे काही चालू असेल ते डॉक्टरांना सांगा, चूर्णसुद्धा.

एसजीपीटी वाढण्याचं कारण दुसरंही असू शकतं: फॅटी लिव्हर, पित्तनलिकांचा जोडआजार, तरुणांमध्ये विल्सनचा आजार (यकृतात तांबं साठतं तो). आयजीजी (हा आजार किती चेतलाय ते दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल आणि एसजीपीटी तेवढा वाढलेला असेल, तर स्टिरॉइड वाढवण्याआधी हे जरूर विचारा.

अझाथायोप्रिन (स्टिरॉइडसोबत दिलं जाणारं, प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) सोसत नाही की सोसूनही उपयोग होत नाही, हा फरक फार महत्त्वाचा. सोसत नसेल तर त्याऐवजी मायकोफेनोलेट हे तशाच कामाचं औषध बऱ्याचदा चांगलं चालतं. अझाथायोप्रिनचा उपयोगच होत नसेल तर मायकोफेनोलेटचं यश कमी, मग डॉक्टर टॅक्रोलिमस या आणखी एका औषधाचा विचार करतात. मायकोफेनोलेट गर्भाला घातक आहे, मूल हवं असेल तर आधीच बोला. युरिक अॅसिडची अॅलोप्युरिनॉल तर अझाथायोप्रिनसोबत परस्पर अजिबात घेऊ नका, पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटतात.

टॅक्रोलिमसची रक्तातली लेव्हल सकाळच्या गोळीआधी तपासतात. आम्ही एकदा गोळी घेऊनच लॅबमध्ये गेलो, आकडा चुकीचा आला आणि डोस उगाच कमी झाला. अंगदुखीला आयबुप्रोफेनही नको, दोन्हींचा भार मूत्रपिंडावर येतो.

प्रतिकारशक्ती दाबणारी आणखी दोन औषधं कधी दिली जातात: रिटुक्सिमॅबआधी हिपॅटायटिस बी आणि इन्फ्लिक्सिमॅबआधी टीबीची तपासणी टाळू नका. आपल्या शहरात टीबी किती आहे, हे सांगायला नको.

कावीळ वाढतेय, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो तो आकडा) चढतोय, बोलण्यात गोंधळ होतोय, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. यकृत प्रत्यारोपणाची सोय असलेल्या रुग्णालयात त्याच दिवशी न्या.