अंदाजे रीडिंगचं वीजबिल असं दुरुस्त झालं

विजेचं बिल अचानक दुप्पट आलं. कस्टमर केअरला फोन केला की आधी बटणं दाबत राहायचं, मग दर वेळी नवा माणूस आणि त्याला सगळं पहिल्यापासून सांगायचं. फार संताप यायचा.

बिलावरचं चालू रीडिंग मीटरशी ताडून पाहिलं. बिलावरचा आकडाच जास्त! म्हणजे रीडिंग न घेता अंदाजे बिल काढलेलं. मेन स्विच बंद केल्यावर मीटरचा दिवा लुकलुकायचा थांबला, त्यामुळे मीटर आपोआप पळत नाही हेही कळलं.

मग मीटर क्रमांक आणि रीडिंग दोन्ही दिसतील असा फोटो जोडून लेखी तक्रार दिली, तक्रार क्रमांक मागून घेतला. हा क्रमांक सोडूच नका. पुढे फोनवर तेवढाच सांगायचा. सुधारित बिल आलं, जादा भरलेली रक्कम पुढच्या बिलात वळती झाली.