मेल सर्व्हरची डिस्क भरली? लॉग उडवण्याआधी या चुका टाळा

सकाळी दहाच्या सुमारास ऑफिसात ओरड सुरू होते, ‘मेल येत नाहीयेत!’ सर्व्हरवर लॉगिन करून मोकळी जागा दाखवणारं ‘डीएफ -एच’ मारलं की कळतं, रूट पार्टिशन १०० टक्के. शोधत गेलं की व्हार-लॉग फोल्डरमध्ये काही जीबींची मेल.लॉग, म्हणजे मेल सर्व्हरच्या नोंदींची फाइल, सापडते आणि हात आपसूक फाइल पुसणाऱ्या ‘आरएम’कडे जातो. तो तिथेच आवरा. पुढचं सगळं पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारा), डव्हकॉट (मेलबॉक्स उघडून देणारा) आणि उबुंटू किंवा डेबियन लिनक्स हा संच धरून लिहिलंय, कारण लहान ऑफिसांत तोच सर्रास दिसतो.

मुळात घाई करायचं कारण नाही. मोकळी जागा मेलच्या कमाल आकारमर्यादेच्या दीडपटीखाली गेली की पोस्टफिक्स नवी मेल घेणं थांबवतो आणि समोरच्याला ४५२ क्रमांकाचा तात्पुरता नकार देतो. मूळ सेटिंगमध्ये ही मर्यादा १,०२,४०,००० बाइट आहे, म्हणजे साधारण १५ एमबी उरले की दार बंद. मोठ्या अटॅचमेंटसाठी कुणी ती १०० एमबी करून ठेवली असेल, तर १५० एमबी शिल्लक असतानाच बोंब सुरू होते. नकार तात्पुरता असल्यामुळे पाठवणारा सर्व्हर मेल आपल्याकडे धरून ठेवतो आणि पुन्हापुन्हा पाठवून बघतो. तो पोस्टफिक्स असेल आणि कुणी सेटिंग बदललेलं नसेल, तर ५ दिवस. साहेब डोक्यावर उभे असले तरी अर्धा तास नीट बघायला हरकत नाही.

‘आरएम’ केलं, तरी जागा सुटेना

सगळ्यात जास्त घडणारी चूक हीच. फाइल उडवली, ‘एलएस’मध्ये ती दिसत नाही, फाइलींचे आकार मोजणारं ‘डीयू’ म्हणतं जागा आहे आणि ‘डीएफ’ अजून १०० टक्क्यांवरच. कारण लॉग लिहिणाऱ्या आरसिसलॉग या प्रोग्रामने ती फाइल उघडून धरलेली असते. आपण फक्त नाव पुसलं. धरणारा सोडत नाही तोवर ब्लॉक मोकळे होत नाहीत. त्यात भर म्हणजे आरसिसलॉग त्या बिननावाच्या फाइलमध्ये लिहीतच राहतो.

‘एलएसओएफ +एल१’ चालवा. पुसलेल्या पण उघड्या फाइली, त्यांचा आकार आणि धरणाऱ्या प्रोसेसचा क्रमांक समोर येतो. यात एक फायदाही आहे. प्रोसेस जिवंत आहे तोवर प्रॉक फोल्डरमधल्या तिच्या एफडीमधून (उघड्या फाइलींच्या यादीतून) ती फाइल दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून घेता येते. म्हणून ‘आरएम’ होऊन गेलं असेल तर सर्व्हर रीस्टार्ट करू नका. आधी कॉपी घ्या, मग आरसिसलॉगला हप सिग्नल (फाइली पुन्हा उघडण्याची सूचना) द्या. तो जुनी फाइल सोडतो, नवी उघडतो आणि जागा तत्क्षणी सुटते.

फाइल शाबूत असेल तर काम सोपं आहे: मजकूर बाहेर हलवायचा आणि ‘ट्रंकेट -एस ०’ने फाइल जागच्या जागी रिकामी करायची. तिथेच जीझिप करायला (दाबून लहान करायला) जाऊ नका. दाबलेली प्रत पूर्ण होईपर्यंत मूळ फाइल तशीच राहते आणि त्या प्रतीला लागणारी जागा तुमच्याकडे नाही. जीझिपचं आउटपुट थेट एसएसएचमधून दुसऱ्या मशीनवर ओता, म्हणजे इथे एक बाइटही लागत नाही.

हे करण्यापुरताही श्वास नसेल तर ‘एपीटी क्लीन’ने पॅकेजांचा साठा आणि ‘जर्नलसीटीएल’च्या व्हॅक्यूम पर्यायाने जुना जर्नल (सिस्टिमचा स्वतःचा लॉग) काढा. दोन्ही मिळून बरेचदा काहीशे एमबी निघतात. ‘डीएफ’मध्ये जागा दिसत असूनही लिहिता येत नसेल तर ‘डीएफ -आय’ बघा. आयनोड, म्हणजे फाइलींच्या नोंदींसाठीच्या जागा, संपले असतील.

लॉग का फुगला, हे लॉगलाच विचारा

बहुतेक जण जागा सुटली की लॅपटॉप मिटतात आणि आठवड्याने पुन्हा तिथेच येऊन बसतात. रोजच्या कामाने लॉग एका रात्रीत फुगत नाही. कुणीतरी तो फुगवतंय, आणि त्याचं नाव त्या फाइलमध्येच लिहिलेलं आहे. रिकामी करण्याआधी ती बाहेर काढायला सांगितलं ते यासाठीच.

‘एसएएसएल लॉगिन ऑथेंटिकेशन फेल्ड’ (लॉगिन फसलं) अशा ओळींचा पूर दिसला तर बाहेरचे बॉट पासवर्ड चाचपडतायत. त्या ओळीच्या शेवटी अक्षरांचं एक अगम्य शेपूट असतं. बरेच जण त्याला व्हायरस समजून घाबरतात, पण तो बहुधा ‘पासवर्ड:’ हा साधा प्रश्न बेस६४ या अक्षरसंकेतात लिहिलेला असतो. असे पत्ते अडवणारं फेल२बॅन लावा आणि पोर्ट २५वर (बाहेरच्या सर्व्हरांची मेल येते तिथे) लॉगिन बंदच करा. आपल्या लोकांसाठी ५८७ आणि ४६५ हे पोर्ट आहेत.

यशस्वी लॉगिनच्या ओळींतून युजरनेम काढून मोजा. अकाउंट्स विभागाच्या एखाद्या आयडीवरून रात्री दोन वाजता शेकडो लॉगिन असतील तर पासवर्ड फुटलाय आणि तुमचा सर्व्हर स्पॅम पाठवतोय. मग लॉग का वाढतो त्याचं गणित बघा. अडकलेली प्रत्येक मेल पोस्टफिक्स फार तर ४००० सेकंदांच्या अंतराने पुन्हा पाठवून बघतो आणि दर खेपेला ओळ लिहितो. ५ दिवसांत एका पत्त्यामागे शंभरेक ओळी. १० हजार स्पॅम अडकले की १० लाख ओळी झाल्या.

हे मोजताना ओळी क्रमाने लावणारं ‘सॉर्ट’ तात्पुरत्या फाइली टेम्पमध्ये टाकतं, आणि तो फोल्डर त्याच भरलेल्या डिस्कवर असला तर मध्येच कोलमडतं. ‘-टी’ने त्याला मेमरीतली शेअर्ड जागा दाखवा.

तिसरं कारण अगदीच घरगुती. कधीतरी अडचण शोधताना जास्त सविस्तर लॉग लिहायला लावणारं डव्हकॉटचं मेल-डीबग किंवा पोस्टफिक्सच्या मास्टर फाइलमध्ये एसएमटीपीडीपुढे ‘-व्ही’ लावलेलं असतं आणि काढायचं राहून जातं.

शिवाय उबुंटूच्या मूळ मांडणीत मेलची प्रत्येक ओळ मेल.लॉगमध्ये जाते, सगळ्या सिस्टिमच्या सिसलॉगमध्ये जाते आणि जर्नलमध्येही. एकच गोष्ट तीनदा! आरसिसलॉगच्या नियमात सिसलॉगसाठी ‘मेल.नन’ (मेल वगळा) जोडलं की एक प्रत तिथल्या तिथे कमी होते.

रांगेला लॉग समजू नका

पोस्टफिक्सच्या स्पूल फोल्डरमध्ये मेलची रांग असते; तिथल्या फाइली म्हणजे लोकांच्या मेल आहेत. तिथे ‘आरएम’ चालवू नका. कचरा काढायचा तर पोस्टफिक्सच्या ‘पोस्टसुपर’ कमांडनेच काढा.

लॉगरोटेट लावलंय, पण कसं?

‘साइज १००एम लिहिलंय, तरी फाइल ६ जीबी कशी?’ हा प्रश्न हमखास येतो. लॉगरोटेट, म्हणजे जुना लॉग बाजूला करून नवी फाइल सुरू करणारा (‘फिरवणारा’) प्रोग्राम, पहारा देत बसत नाही. टायमर त्याला सहसा दिवसातून एकदाच उठवतो, आणि मधल्या चोवीस तासांत फाइल कितीही वाढो, त्याला पत्ता नसतो. लवकर हवं असेल तर टायमर तासावर आणा. आणि ‘साइज’ऐवजी ‘मॅक्ससाइज’ वापरा. ‘साइज’ आणि ‘वीकली’ एकत्र लिहिले तर शेवटी लिहिलेलं लागू होतं. ‘मॅक्ससाइज’ मात्र वेळेचा नियम पाळतो आणि फाइल मोठी झाली तर त्याआधीही फिरवतो.

पण मग ‘रोटेट ४’ घात करतो. हा आकडा फाइलींचा आहे, आठवड्यांचा नाही. एरवी चार फाइली म्हणजे महिनाभराचा इतिहास. हल्ल्याच्या दिवशी दर तासाला फाइल फिरली तर चार तासांचा. नेमका जो दिवस तपासायचा तोच गायब. आकडा मोठा ठेवा आणि जुन्या फाइली ‘मॅक्सएज’ने दिवसांवर काढा. नावात तारीख घालत असाल तर तासही घाला. नाहीतर त्याच दिवशीची दुसरी फेरी ‘या नावाची फाइल आधीच आहे’ म्हणून टाळली जाते.

डव्हकॉटला वेगळी लॉग फाइल दिली असेल तर फिरवल्यानंतर ‘डव्हएडीएम लॉग रीओपन’ हवंच, नाहीतर तो जुन्याच फाइलमध्ये लिहीत बसतो. बदल केल्यावर ‘लॉगरोटेट -डी’ चालवून बघा. तो काय करणार ते फक्त सांगतो, फाइलीला हात लावत नाही.

लॉग किती दिवस ठेवायचे, हा भारतात आवडीनिवडीचा मामला राहिलेला नाही. सायबर सुरक्षा बघणाऱ्या सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार कंपन्या, सेवा पुरवठादार आणि सरकारी संस्थांनी आपल्या यंत्रणांचे लॉग मागच्या १८० दिवसांचे जपून ठेवायचे आहेत. म्हणजे उबुंटूची चार आठवड्यांची मूळ सेटिंग कंपनीला पुरत नाही. एवढा साठा मेल सर्व्हरवरच ठेवायचा हट्ट कशाला? रोजची दाबलेली फाइल दुसऱ्या मशीनवर पाठवा आणि इथे दोन आठवडे पुरेत. नव्याने सर्व्हर उभारत असाल तर व्हार-लॉगला स्वतंत्र पार्टिशन द्या; लॉग फुगला तरी मेल चालू राहील.

आणि डिस्क ८० टक्के भरल्याचा अलर्ट ईमेलने मागवत असाल, तर तो कुठल्या सर्व्हरवरून निघतो आणि कुठे पोचतो ते तपासा. बऱ्याच ठिकाणी तो याच सर्व्हरवरच्या ॲडमिनच्या मेलबॉक्समध्ये पडायचा असतो. तो एसएमएसवर किंवा टेलिग्रामवर वळवा.